बिनचेहऱ्याचा नाच

किथ हेरिंगच्या स्क्रीन प्रिंटमधली माणसे नाचतात, कोलांट्या मारतात, एकमेकांच्या अंगाखांद्यावर चढतात. बहुतेकांना ना नाकडोळे, ना कपडे. त्यामुळे त्यांना हुद्दा नाही आणि जातही नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत, जाहिरातींच्या रिकाम्या चौकटींतल्या काळ्या कागदावर खडूने काढलेली ही माणसे पुढे छापात आली. तंत्र त्यांना मानवले. ताणलेल्या जाळीतून रबरी पट्टीने शाई दाबली की सपाट, भरीव रंग उमटतो.

याच तंत्राने सातारा-सांगलीकडे लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापल्या गेल्या. पत्रिकेवरची माणसेही खेळकरच असतात. सनईवाला गाल फुगवतो, भोई डोली घेऊन जवळजवळ नाचत चालतात. तरी दोन्हींत मला एक मोठे अंतर दिसते. हेरिंगचा माणूस स्वतःच्या आनंदाने नाचतो. आपला भोई दुसऱ्याच्या आनंदाचे ओझे वाहताना हसतो. वाद्यावरून, खांद्यावरच्या दांडीवरून त्याचे काम कळते आणि कामावरून जात. त्याचा खेळकरपणा ही यजमानाच्या घरची शोभा ठरते.

मग चेहरा पुसला की माणूस मोकळा होतो का? निदान हेरिंगपुरते उत्तर सोपे नाही. एड्सने १९९०मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी तो गेला. त्याआधी याच आकृत्यांना त्याने त्या रोगाविषयी बोलायला लावले होते. बिनचेहऱ्याच्या माणसालाही मरण चुकत नाही.

भूपेन खख्खर यांनी वेगळी वाट धरली. 'जनता वॉच रिपेअरिंग' (१९७२) या तैलचित्रात त्यांनी घड्याळजीला त्याच्याच दुकानात, त्याच्या पाटीखाली बसवले. तिथे कामावरून माणूस ओळखू येतो, पण तो कुणाच्या वरातीतला नाही.

सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयात राजा रविवर्मा आणि हेन्री मूर एका छपराखाली नांदतात. १९३८मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते उभारले, तेव्हा गावाबाहेरचे जग गावात आणण्याची हिंमत त्यात होती. आता गावातले छापील जगही तितक्याच गंभीरपणे जपायला हवे. जुन्या लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा तिथे मांडला, तर पाहणाऱ्याला रेषेच्या गमतीबरोबर हेही दिसेल की आपल्याकडे कोण नाचत होते आणि कोणासाठी.