संदेशवाहक लिपिड व त्यांचे वाहक रेणू : एक चिकित्सा

प्रस्तावना :
पेशीपटलातील फॉस्फोइनोसिटाइड लिपिडांचे प्रमाण अल्प असले, तरी पेशीच्या वाढीपासून ग्लुकोजच्या ग्रहणापर्यंत अनेक क्रियांचे संदेश त्यांच्यामार्फत दिले जातात. अशा एखाद्या लिपिडचे नेमके कार्य ठरवावयाचे, तर ते बाहेरून जिवंत पेशीत पोहोचविता आले पाहिजे. परंतु फॉस्फेट गटांवरील ऋणभारामुळे ते पेशीपटल सहज ओलांडू शकत नाही. यावर उपाय म्हणून पुढे आलेल्या वाहक रेणूंच्या पद्धतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पद्धतीचे स्वरूप :
इ. स. २००० मध्ये ओझाकी, प्रेस्टविच व सहकाऱ्यांनी हिस्टोन, निओमायसिन यांसारखे धनभारित रेणू वाहक म्हणून वापरले. वाहक व लिपिड यांचे संकुल पेशीत शिरते. लिपिडला प्रतिदीप्त रेणू जोडल्यास ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. प्रत्येक पेशीला सुईने टोचण्याची गरज उरत नाही, ही या पद्धतीची जमेची बाजू होय.

चिकित्सा :
तथापि वाहक हा केवळ भारवाहक नसतो. निओमायसिन मुळातच पीआयपी-२ या लिपिडला घट्ट बांधते. हिस्टोन हे तर केंद्रकात डीएनएला बांधणारे प्रथिन आहे. शिवाय वाहक ज्या फॉस्फेट गटांना धरून ठेवतो, तेच गट पेशीतील प्रथिने ओळखतात. प्रतिदीप्तीवरून लिपिड कोठे आहे हे कळते. ते वाहकापासून मोकळे झाले की नाही, हे कळत नाही.

२००४ मध्ये स्वीनी, क्लिप व सहकाऱ्यांनी स्नायू व मेद पेशींत पीआयपी-३ पोहोचविले. ग्लूट-४ हे ग्लुकोजवाहक प्रथिन पेशीपटलात सामावले गेले. ग्लुकोजचे ग्रहण मात्र वाढले नाही. ग्रहणासाठी पीआयपी-३ एकटे पुरेसे नाही, असे अनुमान यातून निघते. परंतु अशा नकारात्मक निष्कर्षात वाहकाचाच अडथळा नाही ना, हे तपासणे अनिवार्य ठरते. १९९८ मध्ये त्सिएन यांच्या गटाने वापरलेल्या एस्टर पद्धतीत वाहक लागत नाही. फॉस्फेटवरील आवरण पेशीतील विकरेच काढून टाकतात. मात्र त्या विघटनात फॉर्माल्डिहाइड तयार होते.

निष्कर्ष :
कोणतीही एक पद्धत निर्दोष नाही. म्हणून केवळ वाहक, केवळ लिपिड आणि वाहकासह निष्क्रिय लिपिड असे तिन्ही नियंत्रण प्रयोग आवश्यक आहेत. दोन भिन्न पद्धतींनी एकच उत्तर मिळाल्यास ते लिपिडचे कार्य मानता येईल. लिपिड पेशीत पोहोचणे आणि तेथे कार्यरत होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.