कुणाचा हेलपाटा वाचला? : विचित्र उपकरणांची परीक्षा

विचित्र उपकरण किंवा विचित्र ॲप समोर आले की आपण बहुधा दोनपैकी एक काही करतो. हसतो, नाहीतर 'काय डोकं लावलंय!' म्हणून मोकळे होतो. दोन्ही स्वाभाविक आहे, पण त्यातून त्या वस्तूबद्दल काहीच कळत नाही. या टिपणात आपण अशा काही वस्तू जरा उघडून पाहणार आहोत. कसोटी एकच आणि अगदी घरगुती आहे : या वस्तूमुळे कुणाचा हेलपाटा वाचला? 'साहेब जेवायला गेलेत, चारनंतर या' हे वाक्य ऐकून कचेरीच्या पायऱ्या उतरलेल्या माणसाला हेलपाटा म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. गेलो, काम झाले नाही, परत आलो.

सुरुवात एका खऱ्याखुऱ्या हेलपाट्यापासून करू. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत 'ट्रोजन रूम' नावाच्या खोलीबाहेर कॉफीचे एकच भांडे असे. काही संशोधक इमारतीच्या दुसऱ्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर बसत. ते जिने उतरून येत आणि भांडे रिकामे पाहून परत जात. क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की या दोघांनी त्या भांड्यासमोर एक कॅमेरा लावला आणि त्याचे चित्र प्रयोगशाळेतल्या संगणकांच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसेल असा छोटा प्रोग्राम लिहिला. चित्र १२८ × १२८ बिंदूंचे, करड्या रंगाचे, आणि मिनिटाला साधारण तीनदा बदलणारे.

हे आकडे नीट वाचा. एका बिंदूला एक बाइट धरला तर सगळे चित्र १६ किलोबाइटचे होते. आजच्या विद्यार्थ्याला हे दरिद्री वाटेल, पण उत्तर काय हवे होते? भांड्यात कॉफी आहे की नाही. काळ्या द्रवाची पातळी ओळखायला रंग लागत नाही, आणि भांडे भरायला काही मिनिटे लागतात म्हणून सेकंदाला पंचवीस चित्रेही लागत नाहीत. स्पेसिफिकेशनमधला प्रत्येक आकडा कॉफीकडे बघून ठरला होता. हातात कोणता कॅमेरा आहे त्यावरून ठरला असता तर प्रोग्राम मोठा झाला असता आणि कॉफी तितकीच राहिली असती.

१९९३ साली ते चित्र वेबवर आले आणि जगभरची माणसे एका परक्या प्रयोगशाळेतले कॉफीचे भांडे बघू लागली. ही माणसे ती कॉफी कधीच पिणार नव्हती. म्हणजे त्यांच्यासाठी वस्तू निरुपयोगी झाली आणि नेमकी तेव्हाच प्रसिद्ध झाली. वेबकॅमचा इतिहास इथून सुरू होतो असे मानतात. २००१ मध्ये प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेली, कॅमेरा बंद झाला, आणि शेवटचे कॉफीयंत्र लिलावात ३,३५० पौंडांना गेले. त्या प्रसिद्धीचा मोह मला फारसा नाही. मला आवडते ते आणखी एका कारणासाठी : कॅमेरा बंद पडला असता तरी कॉफी मिळालीच असती. पूर्वीसारखे जिने उतरून जावे लागले असते, इतकेच. उपकरण मूळ कामाच्या बाजूला उभे होते, वाटेत आडवे पडलेले नव्हते.

आता वाटेत आडव्या पडलेल्या वस्तूकडे वळू. 'जुसेरो' हे अमेरिकेतले रस काढण्याचे यंत्र. २०१६ मध्ये ते ६९९ डॉलरला बाजारात आले, पुढे किंमत ३९९ डॉलरवर उतरली. कंपनीने गुंतवणूकदारांकडून सुमारे १२ कोटी डॉलर उभे केले होते. यंत्रात फळे घालायची नव्हती. कंपनीच चिरलेल्या फळभाज्यांच्या पिशव्या घरी पाठवी, एकेक पाच ते आठ डॉलरची. पिशवी यंत्रात अडकवायची, बटण दाबायचे, यंत्र पिशवी दाबून रस पेल्यात उतरवी. पिशवीवरचा क्यूआर कोड यंत्र वाचत असे आणि इंटरनेटवरून ती मुदतीतली आहे का ते तपासत असे. मुदत संपलेली असली तर ते दाबायला नकार देई.

एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्गच्या वार्ताहरांनी ती पिशवी नुसती हातांनी पिळून पाहिली. जवळजवळ तेवढाच रस निघाला, तोही यंत्रापेक्षा लवकर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने विक्री थांबवली.

ही गोष्ट सगळीकडे विनोद म्हणून सांगितली जाते. अभियांत्रिकीच्या वर्गात ती विनोदावर संपू नये, कारण हे यंत्र वाईट बांधलेले नव्हते. ज्यांनी ते खोलून पाहिले त्यांना आत यंत्रावर कोरून काढलेले ॲल्युमिनियमचे भाग, मजबूत गिअर आणि खास बनवून घेतलेली मोटर सापडली. कारागिरी उत्तम होती. मग चुकले कुठे? थोडे गणित करू. चार टन बलाचा दावा कंपनी करत होती. समजा पिशवीची दाबली जाणारी बाजू ३०० चौरस सेंटिमीटर आहे. ४,००० किलोग्रॅम-बल भागिले ३०० म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १३ किलोग्रॅम-बल. आता हात घ्या. समजा माणूस २० किलोग्रॅम-बलाने पिळतो आणि बोटांचा स्पर्श ४० चौरस सेंटिमीटरवर आहे : दर चौरस सेंटिमीटरला अर्धा. दाब पंचविसाव्या भागाहून कमी, आणि रस जवळजवळ तेवढाच. याचा अर्थ सरळ आहे. रस निघण्याचे अवघड काम, म्हणजे फळे बारीक करून पेशी फोडणे, कारखान्यात आधीच उरकले होते. उरलेल्या सोप्या कामासाठी चार टनांचे यंत्र बांधले गेले. तेही सपाट पाटीने सगळी पिशवी एकदम दाबणारे. आपल्याकडच्या रसवंतीतला चरक ऊस दोन रुळांमधल्या चिंचोळ्या फटीतून नेतो, म्हणून बल थोड्या क्षेत्रावर एकवटते आणि काम निघते. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र तुम्ही शाळेत शिकलात. ते डिझाइनच्या टेबलापाशी आठवले पाहिजे.

पण माझा मुख्य आक्षेप गणिताचा नाही. वायफाय गेले तर घरात फळ आहे, यंत्र आहे, माणूस आहे आणि रस नाही, अशी अवस्था ज्या वस्तूने निर्माण होते ती वस्तू सोय करत नसून सोयीच्या दारात पहारा बसवते आहे. मुदत पिशवीवर छापलेली होती, ती डोळ्यांनी वाचता येत होती. क्यूआर कोडाने वाचला तो कुणाचा हेलपाटा? ग्राहकाचा नाही. दुसऱ्या कुणाची पिशवी यंत्रात जाऊ नये ही व्यवस्था मात्र त्यातून आपोआप झाली. कुठलेही 'स्मार्ट' यंत्र तपासताना हा प्रश्न जरूर विचारा : यातली ही सोय नेमकी कुणासाठी आहे, वापरणाऱ्यासाठी की विकणाऱ्यासाठी?

उलट टोकाचे उदाहरण 'यो' या ॲपचे. २०१४ मध्ये आलेले हे ॲप एकच गोष्ट करी : समोरच्याला 'यो' एवढा एक शब्द पाठवी. पहिली आवृत्ती सुमारे आठ तासांत लिहिली गेली, आणि त्यावर दहा लाख डॉलरची गुंतवणूक मिळाल्याची बातमी आली तेव्हा सगळ्यांनी कपाळावर हात मारला. भारतीय वाचकाने तो मारायची गरज नव्हती. आपण हे ॲप कितीतरी वर्षे वापरत होतो, त्याला ॲप म्हणत नव्हतो. त्याचे नाव मिस्ड कॉल.

एक रिंग म्हणजे 'खाली आलोय, उतर'. दोन रिंगा म्हणजे 'गाडी पोचली'. घरून आलेली एक रिंग म्हणजे 'बॅलन्स नाही, तू कर'. शब्द एकही नाही आणि पैसाही नाही, कारण कॉल उचललाच नाही तर त्याचे शुल्क लागत नाही. माहितीशास्त्राच्या भाषेत हा जेमतेम एका बिटचा संदेश आहे. पण त्याचा अर्थ त्या बिटमध्ये नसतो, तो आधी ठरलेल्या करारात असतो : कुणी केला, किती वाजता केला, काल काय ठरले होते. बारावीच्या निकालादिवशी दुपारी एक वाजता मामाचा आलेला मिस्ड कॉल आणि रात्री अकराला आलेला मिस्ड कॉल, दोन्ही एकेकच बिट. घरच्यांना मात्र दोहोंतला फरक रिंग थांबायच्या आत कळतो.

या करारावर धंदाही उभा राहिला. बंगळूरच्या झिपडायल या कंपनीने मिस्ड कॉल हाच ग्राहकाने पाठवलेला संदेश मानून जाहिरातदारांसाठी सेवा चालवली, आणि जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरने ती कंपनी विकत घेतली. बँकेच्या क्रमांकावर मिस्ड कॉल देऊन शिल्लक विचारणे आजही चालते. पासबुक घेऊन रांगेत उभे राहण्याचा हेलपाटा त्यातून वाचतो, आणि तो साध्या बटणांच्या फोनवाल्याचाही वाचतो, हे विशेष. 'यो'चेही तसेच झाले. तो शब्द निरर्थक होता तोवर ते ॲप खेळणे होते. फुटबॉलच्या विश्वचषकात गोल झाला की 'यो', इस्रायलमध्ये रॉकेटचा इशारा आला की 'यो', असे करार जोडले गेले तिथे त्याला थोडाफार अर्थ आला. पण ते काम साधी सूचनाही करू शकते, त्यासाठी वेगळे ॲप ठेवायचे कारण उरले नाही, आणि ते फार टिकले नाही. माझ्या मते 'यो' मूर्ख नव्हते, भारतात जन्मायला उशीर झालेले होते.

हे सगळे तुम्हाला सांगायचे कारण तुमचा अंतिम वर्षाचा प्रकल्प. गेली अनेक वर्षे मी 'स्मार्ट कचरापेटी' बघतो आहे. अल्ट्रासॉनिक सेन्सर, सर्व्हो मोटर, वर आर्डुइनो. हात पुढे केला की झाकण उघडते. अहवालातले प्रॉब्लेम स्टेटमेंट बहुधा बोर्ड विकत घेतल्यानंतर लिहिलेले असते, आणि ते वाचताना कळते. पायाने दाबायच्या कचरापेटीला बॅटरी लागत नाही. तिथे वाचलेला हेलपाटा मला तरी सापडलेला नाही. तोच सेन्सर झाकणाच्या आतल्या बाजूला खाली तोंड करून लावा. आता तो पेटी किती भरली ते सांगतो. गल्लीतल्या चाळीस पेट्यांपैकी आज कोणत्या बारा भरल्या आहेत हे गाडी निघण्याआधी कळले आणि गाडीचा मार्ग त्यानुसार बदलला, तर अठ्ठावीस थांबे वाचतात. मार्ग बदलायची मुभा चालकाला नसेल तर एकही वाचत नाही, मग सेन्सर कितीही अचूक असो. म्हणून दुसऱ्या प्रकल्पाची अर्धी तपासणी गाडीच्या चालकाशी बोलून करावी लागते. गुणपत्रिकेत त्या बोलण्याला रकाना नसतो, ही आपल्या पद्धतीची उणीव आहे, आणि त्यामुळे मुले पहिला प्रकल्प निवडतात तर त्यांनाच दोष देऊन चालणार नाही.

निरुपयोगी वस्तू बनवूच नयेत, असा मात्र माझा मुळीच आग्रह नाही. क्लॉड शॅनन यांच्या टेबलावर एक पेटी असे. मार्व्हिन मिन्स्की यांच्या कल्पनेतून ती आली होती. खटका चालू केला की झाकण उघडून आतून एक हात बाहेर येई, खटका बंद करी आणि पुन्हा आत जाई. बस्स. ती कुणाचा वेळ वाचवते असे कुणीही म्हटले नाही, म्हणून तिच्यावर आपली कसोटी लावायचे कारणच नाही.

जपानमध्ये केंजी कावाकामी यांनी १९८०च्या दशकापासून याच वृत्तीची एक चळवळ चालवली. 'चिंदोगु' म्हणजे विचित्र अवजार. गरम नूडल्स गार करायला चॉपस्टिकला लावलेला छोटा पंखा, डोळ्यांत औषध अचूक पडावे म्हणून चष्म्याला बसवलेली नरसाळी, सर्दीवाल्यासाठी डोक्यावर बांधायची कागदाची गुंडाळी. प्रत्येक वस्तू एका खऱ्या अडचणीवर चालते आणि तरीही ती चारचौघांत वापरवत नाही. चिंदोगुचे दहा नियम आहेत. वस्तू प्रत्यक्ष बनवलेली असली पाहिजे, नुसते चित्र चालत नाही. ती विकायची नाही. तिचे पेटंट घ्यायचे नाही. आणि ती इतकी सोयीची निघाली की तुम्ही रोज वापरू लागलात, तर चिंदोगु म्हणून ती नापास.

कावाकामी यांच्या १९९५च्या इंग्रजी पुस्तकात अशा १०१ वस्तू होत्या. त्यांत टोकाला कॅमेरा लावून स्वतःचाच फोटो काढायची एक काठी होती. तशाच काठीचे पेटंट मिनोल्टा कंपनीच्या हिरोशी उएदा यांनी १९८०च्या दशकात घेतले होते, आणि ती चालली नव्हती. फिल्मच्या कॅमेऱ्यात फोटो कसा आला ते रोल धुऊन येईपर्यंत कळत नसे. स्वतःला चौकटीत बघता यावे म्हणून कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला छोटा आरसा बसवला, तरी अंदाजानेच बटण दाबावे लागे. मग फोनला पडद्याच्या बाजूनेही कॅमेरा आला. काठी तशीच होती, पण 'दादा, जरा आमचा एक फोटो काढता का?' म्हणत अनोळखी माणूस शोधायचा हेलपाटा आता तिच्यामुळे खरोखर वाचू लागला. २०१४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने वर्षातल्या पंचवीस उत्तम शोधांत तिची गणना केली. आज ती गड-किल्ल्यांच्या पायथ्याशी टोप्या आणि गॉगलांच्या शेजारी टांगलेली मिळते, त्यामुळे चिंदोगुच्या यादीतून तिचे नाव कमी करायला हरकत नसावी.