दिव्यावरची पाखरे

मराठीत पाखरू झाडावर बसते आणि दिव्यावरही येते. पाकोळी म्हटले की कोणाला सांजवेळी आभाळात गिरक्या घेणारा पक्षी आठवतो, कोणाला भिंतीला चिकटलेला कीटक. २०१५ साली ‘ब्लू मॉर्मन’ महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले, त्याचे मराठी नावही राणी पाकोळीच. पक्षी आणि पतंग यांच्यात भाषेने भिंत घातली नव्हती. ती आपल्या निसर्गलेखनाने घातली. पक्ष्यांवर मराठीत कपाट भरेल इतकी पुस्तके आहेत. पतंगांवरचे, हौसेने पुन्हा काढून वाचावे असे एकही माझ्या हाती लागलेले नाही. भारतात पक्ष्यांच्या जाती साधारण तेराशे आणि पतंगांच्या दहा हजारांवर, तेव्हा विषयाचा तुटवडा आहे असे म्हणता येणार नाही.

मला याचे कारण लेखनाच्या घाटात दिसते. आपले निसर्गलेखन मुख्यतः वाटेवरचे आहे. लेखक निघतो, रानात शिरतो, कोणी जाणता भेटतो, दर्शन घडते. छांदिष्टाचे लेखन बसून होते. वेल्सच्या किनाऱ्याजवळच्या स्कोकहोम बेटावर रोनाल्ड लॉकली १९२७ पासून राहिला आणि १९३३ साली तिथे त्याने ब्रिटनमधली पहिली पक्षी-वेधशाळा उभी केली. बेटावर पाहायला जाण्यासारखे दुसरे काही नसते. जे येईल ते टिपायचे, आणि काही आले नाही तर तेही. पतंगांचा नाद असाच असतो. पतंगाच्या मागे कोणी रान तुडवत नाही. पांढरी चादर टांगायची, दिवा लावायचा आणि वाट पाहायची.

मराठी मुलखात असे बेट एका इंग्रजाने लिहिले. एडवर्ड हॅमिल्टन ऐटकेन, ऊर्फ ‘ईहा’, १८५१ साली साताऱ्यात जन्मला आणि मुंबई इलाख्याच्या जकात-मीठ खात्यात नोकरीला लागला. १८८३ साली त्याचे ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ आले. त्याच वर्षी मुंबईत ज्या आठ जणांनी नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, त्यांत तोही होता. त्याची सरहद्द म्हणजे बंगल्याचा व्हरांडा. तिथले उंदीर, मुंग्या, पाली, कावळे या त्याच्या ‘टोळ्या’. सरहद्दीवरच्या मर्दुमकीच्या पुस्तकांची ही थट्टा आजही खुसखुशीत वाटते, आणि कावळा तर त्याच्याइतका बारकाईने फार थोड्यांनी पाहिला असेल. पण १८८९ साली त्याने ‘बिहाइंड द बंगलो’ लिहिले आणि तीच नजर बटलर, धोबी, माळी यांच्यावर फिरवली. ज्या नजरेने कावळ्याला व्यक्तिमत्त्व मिळाले, तिनेच धोब्याचा नमुना झाला. हा दोष केवळ साम्राज्याच्या खाती टाकून मोकळे होता येत नाही. छंदाला सवड लागते, आणि ती सवड ज्यांच्या कष्टातून निघते ते छंदिष्टाला नेहमी कडेला दिसतात.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) इथे ईहाच्या अगदी समोर उभे राहतात. त्यांच्या पानांवर गोंड आणि धीवर गुरूच्या जागी येतात. ‘नवेगावबांधचे दिवस’ मला त्यांच्या भटकंतीच्या पुस्तकांपेक्षा सरस वाटते, कारण तिथे ते एका तलावाकाठी राहिले आहेत. काकागार, सारंगागार, रातनिवारा हे त्यांनी रूढ केलेले शब्द अशा मुक्कामातूनच येऊ शकतात. तक्रार एकच. त्यांचे गद्य अद्भुताकडे फार लवकर वळते. पाहिलेल्या गोष्टीमागोमाग आख्यायिका येते, संस्कृत ग्रंथ येतो, आणि तारीख, वेळ, संख्या, रिकाम्या हाताने परतलेली रात्र गळून जाते. पक्ष्याला हे खपते, तो आधीच अर्धा कवितेतला असतो. पतंगाला खपत नाही. त्याच्यावर रूपक इतके जुने बसले आहे, ज्योतीवर झेप घालून जळून जाण्याचे, की नोंदीखेरीज ते खरवडून निघणार नाही.

आणि नोंद मराठीत आहे! फक्त ती साहित्यात नाही. कापूस पिकवणाऱ्या विदर्भातल्या शेतकऱ्याला ‘प्रकाश सापळा’ आणि ‘कामगंध सापळा’ हे शब्द कोणी शिकवावे लागत नाहीत. मादीच्या गंधाची वडी सापळ्यात लावायची आणि आलेले नर मोजायचे. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत सलग तीन दिवस दर सापळ्यात रोज आठ पतंग मिळाले, की नुकसानीची पातळी ओलांडली असे धरतात आणि फवारणी ठरते. २०१७ साली बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पतंग मोजण्याचा इतका जिवावरचा अर्थ लॉकलीच्या बेटावर नव्हता. त्याच विदर्भाच्या पूर्व टोकाला ऐनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवून लोक कोसा विकतात, म्हणजे पतंगावर पोटही भरते. या दोन्ही वह्या उघडल्याशिवाय मराठीत पतंगांचे पुस्तक लिहिले, तर ते विलायती छंदाची नक्कल होईल. कामगंध हा शब्दच पाहा. असा नेटका शब्द आपल्या ललित गद्याने कधीचा उचलायला हवा होता.

मी हे व्हाइटफील्डमध्ये बसून लिहितो आहे, आणि ही जागा या वादात अगदीच परकी नाही. ईहाच्या पुस्तकाच्या आदल्या वर्षी, १८८२ साली, अँग्लो-इंडियन कुटुंबांनी शेती करावी म्हणून म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर ही वसाहत निघाली. आज शेतीच्या जागी काचेच्या इमारती आहेत, आणि रात्रभर जळणाऱ्या त्यांच्या दिव्यांपुढे माझ्या गच्चीवरची चादर म्हणजे किरकोळ सापळा. तरी ती मी लावतो. आमच्या आवारात शोभेला तगर लावली आहे, आणि तगरीवर, कण्हेरीवर हिरवा हॉक मॉथ वाढतो. त्याची अळी बोटभर लांब, पुढच्या बाजूला निळे डोळे रंगवल्यासारखे ठिपके. माळीकाम करणारा मामा त्या अळ्या पानाखालून अचूक काढून दाखवतो. चादरीवर मोठा पतंग येण्याआधी तो येणार हे त्यालाच ठाऊक असते. ईहाने त्याचा नमुना केला असता. चितमपल्लींनी त्याला अळीचे त्याच्या गावातले नाव विचारले असते. मी विचारले. तो नुसते ‘हुळ’ म्हणाला, कन्नडमध्ये कुठल्याही किड्याला म्हणतात तसे, आणि लगेच म्हणाला, सोमवारी फवारा आहे, काय पाहायचे ते रविवारपर्यंत पाहून घ्या.

सोमवारनंतरच्या नऊ रात्री माझ्या वहीत हिरव्या पतंगापुढे शून्य आहे. त्यांतल्या दोन रात्री पावसाच्या होत्या, तेवढ्या वेगळ्या धरायच्या.