संतचरित्रांतील गाळलेली पाने

आपल्या कुटुंबांत संतचरित्रे वाचण्याची प्रथा जुनी आहे. संध्याकाळची रोझरी आटोपल्यावर, मुलांच्या पहिल्या कम्युनियनच्या तयारीत किंवा ज्याचे नाव धारण केले त्या संताच्या सणाला एखादी छोटी पुस्तिका हातात घेतली जाते. ही चरित्रे श्रद्धेने लिहिलेली असतात आणि श्रद्धेनेच वाचली जातात. साहित्य म्हणून त्यांची चिकित्सा मात्र क्वचितच होते. देवाच्या माणसाविषयीच्या लेखनाची चिकित्सा म्हणजे त्या माणसाचीच चिकित्सा, असा गैरसमज त्यामागे असावा. वस्तुतः या दोन गोष्टी अगदी निराळ्या आहेत.

बहुतेक पुस्तिकांचा साचा एकच असतो. संताचा जन्म धार्मिक मातापित्यांच्या पोटी होतो. बालपणीच त्याला खेळापेक्षा प्रार्थना अधिक आवडते. तारुण्यात मोह येतो आणि दोन ओळींत निघून जातो. पुढे चमत्कार, मग पवित्र मरण आणि शेवटी संतपदाची तारीख. नाव आणि देश बदलला तरी मजकूर फारसा बदलत नाही. असे चरित्र वाचून वाचक हात जोडतो, पण त्यातून शिकतो काय? जो कधी चुकला नाही, गोंधळला नाही, ज्याचा बेत कधी फसला नाही, त्याच्यापासून रोज चुकणाऱ्या माणसाने काय घ्यावे? आमच्या मते आपल्या संतचरित्रांपुढचा खरा प्रश्न हाच आहे.

भातकुलीसारख्या गावात तो अधिकच टोकदार होतो. येथे ख्रिस्ती घरे थोडी. गावात आदिनाथाचे प्रसिद्ध जैन मंदिर आहे, महानुभावांचे रिद्धपूर याच जिल्ह्यात आहे, आणि तालुक्यातून वाहणाऱ्या पेढी नदीच्याच काठी, वलगावजवळ, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. शेजारच्या मुलाला त्याचे संत आजोबांच्या आठवणींतून, यात्रेतून, कीर्तनातून भेटतात. ख्रिस्ती मुलाला त्याचे संत बहुधा पुस्तकातूनच भेटतात, म्हणून त्या पुस्तकाची जबाबदारी मोठी. आमचा हा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. विहिरीला पाणी लागले म्हणजे ते पिण्याजोगे असेलच, असे येथे कोणी धरून चालत नाही. पाणी कितीही नितळ दिसो, ते आधी चाखून पाहतात. संतचरित्रालाही हीच कसोटी लावावी, असे आम्हाला वाटते.

ही कसोटी बाहेरून आणण्याचे कारण नाही, कारण मराठी गद्यातला चरित्रग्रंथ वऱ्हाडच्याच मातीत जन्मला. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे नागदेवाचार्यांच्या सान्निध्यात श्रीचक्रधरांचे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. परंपरा सांगते की, ज्याच्या बाबतीत प्रसंग घडला त्याला गाठून, ठिकाणी जाऊन त्यांनी आठवणी गोळा केल्या, आणि दोघांच्या आठवणींत फरक पडला तर तोही नोंदवला. त्यांनी गावांची नावे दिली, जेवणाखाण्याचे तपशील दिले. शिष्यांचे रुसवेफुगवे आणि हेवेदावेही लपवले नाहीत. युरोपात येशूसंघीय पंडितांनी संतचरित्रांच्या साधनांची चिकित्सा करून त्यांचे खंड छापण्यास १६४३ मध्ये आरंभ केला. बोलांद यांच्या नावाने ओळखली जाणारी ही परंपरा आपल्या पवित्र सभेचे भूषण आहे. पण तिच्या साडेतीनशे वर्षे आधी वऱ्हाडात एक माणूस हेच काम आपल्या परीने करीत होता, याचा आपल्याला विसर पडू नये.

मराठी ख्रिस्ती चरित्रवाङ्मयाचा आरंभही सामान्य नव्हता. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. त्यानंतर एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच येशूसंघीयाने प्रेषित पेत्राच्या जीवनावरचे ओवीबद्ध पुराण रचले. त्याचा पहिला भाग १६२९ मध्ये गोव्यात प्रसिद्ध झाला. १६५५ मध्ये आंतोनियो द साल्दान्य यांची संत अंतोनीची जीवित्वकथा रायतूर येथे छापली गेली. परदेशातून आलेल्या या माणसांनी येथील भाषा शिकून पुराणाची घडण आपलीशी केली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण ला क्रुआ यांच्या ग्रंथाचा एक दोष स्पष्टपणे सांगितला पाहिजे. त्यात पेत्राची कथा पुष्कळदा मागे पडते आणि येथील दैवतांचे खंडन पुढे येते. चरित्र हे वादाचे हत्यार झाले की चरित्रनायक उरत नाही. शेजाऱ्याच्या श्रद्धेला कमी लेखून आपला संत मोठा होत नाही, हे भातकुलीत राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

पेत्राची कथा कशी सांगावी याचा नमुना तर शुभवर्तमानातच आहे. कोंबडा आरवण्यापूर्वी पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले, ही गोष्ट चारही शुभवर्तमानकारांनी नोंदवली. ती गाळणे अवघड नव्हते. पेत्र तर सभेचा आधारस्तंभ होता. तरीही ती राहिली, आणि त्याच्या अश्रूंमुळेच पेत्र आपल्याला जवळचा वाटतो. चरित्रनायकाचे पतन सांगितले म्हणून त्याचा अवमान होत नाही, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

या कसोटीवर आपल्या ओळखीचे काही संत पाहू. संत अंतोनी हरवलेली वस्तू शोधून देतात, एवढेच आपल्या बहुतेक मुलांना ठाऊक असते. ११९५ मध्ये लिस्बन येथे जन्मलेल्या या तरुणाने मोरोक्कोत रक्तसाक्षी झालेल्या पाच फ्रान्सिसकन बंधूंचे अवशेष पाहिले आणि आपणही तेथे जाऊन प्राण द्यावा या ओढीने पहिला संघ सोडला. तो मोरोक्कोला पोचला आणि आजारी पडला. परत निघाला तर वादळाने जहाज सिसिलीला नेले. पुढे इटलीतील एका आडबाजूच्या आश्रमात तो अज्ञात राहिला. तेथे तो स्वयंपाकघरातली भांडी घाशीत असे, अशी परंपरा आहे. १२२२ मध्ये फोर्ली येथे ऐनवेळी प्रवचनाला कोणी मिळेना, तेव्हा त्याला उभे करण्यात आले आणि त्याची वाणी प्रथमच लोकांना कळली. म्हणजे या संताच्या आयुष्यात सर्वांत आधी हरवला तो त्याचा स्वतःचा बेत. दहावीच्या परीक्षेत नापास झालेल्या किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जाऊन रिकाम्या हाताने परतलेल्या मुलाला अंतोनीची ही बाजू कोणी सांगते का? चमत्कारांच्या यादीपेक्षा त्याला तिची गरज अधिक आहे.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राचेच. संत गोन्सालो गार्सिया सुमारे १५५७ मध्ये वसईत जन्मले. येशूसंघीयांबरोबर ते जपानला गेले, तेथील भाषा शिकले, धर्मशिक्षक म्हणून राबले. पण त्या संघात प्रवेश मिळण्याची त्यांची इच्छा पुरी झाली नाही. मग त्यांनी व्यापार केला. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिसकन संघात बंधू झाले आणि १५९३ मध्ये दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर खिळण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. आपल्याकडे सांगितली जाते ती शेवटची दोन वाक्ये. नकार पचवून व्यापार करणारा, तराजू हातात धरणारा, हिशेब लिहिणारा गोन्सालो मात्र कथेतून निसटतो. दुकान चालवणाऱ्या, बाजारात कापूस विकणाऱ्या माणसाला जवळचा वाटेल तो हाच गोन्सालो.

गाळलेल्या पानांचे सर्वांत बोलके उदाहरण लिज्यूच्या संत तेरेजाचे आहे. १८९७ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी ती वारली आणि पुढच्याच वर्षी तिचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. पण ते तिच्या बहिणीच्या हातून हजारो बदल होऊन. मूळ हस्तलिखिते जशीच्या तशी वाचकांपुढे आली ती १९५६ मध्ये. बहिणीचा हेतू वाईट नव्हता. प्रेमापोटीच तिने कोपरे घासून गुळगुळीत केले. परंतु मूळ लेखन समोर आल्यावर तेरेजा लहान झाली नाही. शेवटच्या दीड वर्षात स्वर्गाचा विचारच जिला अंधारासारखा झाला होता आणि तरीही जिने प्रेम सोडले नाही, ती तेरेजा अधिक खरी आणि अधिक थोर ठरली. मदर तेरेसांची खाजगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला. अनेक वर्षे त्यांना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते, हे त्यांतून कळले. तरीही २०१६ मध्ये पवित्र सभेने त्यांना संतपद दिले. प्रार्थनेला गुडघे टेकतो पण मन कोरडेच राहते, अशी तक्रार मनातल्या मनात करणाऱ्या कितीतरी माता आपल्या धर्मग्रामांत असतील. त्या पत्रांनी त्यांना जो धीर दिला असेल, तो गोड शब्दांनी भरलेल्या शंभर पुस्तिका देऊ शकणार नाहीत.

यावर एक आक्षेप येईल आणि तो फेटाळण्याजोगा नाही. साध्याभोळ्या माणसाची श्रद्धा अशाने डळमळणार नाही का? शिवाय थोरांचे दोष उकरून काढण्याची चटक हीसुद्धा एक विकृतीच आहे. ती आम्हाला मान्य आहे, पण आमचे मागणे वेगळे आहे. दोष दाखवून संताला खाली खेचणारा लेखक आणि दोष लपवून त्याला ढगांत बसवणारा लेखक, दोघेही त्याला आपल्यापासून दूरच नेतात. तिसरा मार्ग आहे, आणि तो मराठीत एका ख्रिस्ती स्त्रीने दाखवून दिला आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते, पण मराठी ख्रिस्ती अध्यात्मात त्यांचे स्थान निर्विवाद आहे. लक्ष्मीबाईंनी त्यांचा संताप सांगितला, न सांगता घर सोडून जाणे सांगितले, घरात नसतानाही दुसऱ्याला देऊन टाकण्याची वृत्ती सांगितली आणि त्यापायी स्वतःला सोसावे लागलेले हालही हसत सांगितले. पुस्तक मिटताना टिळकांविषयीचा आदर रतीभरही कमी झालेला नसतो, उलट तो वाढतो. जवळून पाहणारा आणि तरीही प्रेम करणारा लेखक मिळाला की सत्य आणि श्रद्धा यांचे भांडण उरत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये सभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात पावित्र्याचे आमंत्रण सर्वांनाच आहे, असे स्पष्ट सांगितले. ते खरोखर सर्वांना असेल, तर संताच्या घरापासून आपल्या घरापर्यंत येणारी पायवाट चरित्रकाराने बुजवता कामा नये. आमच्या लेखकांना आणि अनुवादकांना आमची विनंती एवढीच की गाव, साल आणि भोवतालची माणसे नीट सांगावीत. परंपरेने आलेली कथा परंपरा म्हणून सांगावी. आणि संत कोठे अडला, त्याला कोणी नकार दिला, त्या दिवशी त्याने पुढे काय केले, हे गाळू नये. घरी वाचून दाखवणाऱ्या आईवडिलांनीही चमत्काराशी न थांबता, ‘त्याचा बेत फसला तेव्हा त्याने काय केले असेल?’ असे मुलांना विचारावे. उत्तर देताना मूल बहुधा स्वतःविषयीच बोलू लागेल. त्याला मध्येच थांबवू नये.