चोखोबाचे दार आणि टिळकांची प्रार्थना

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगावराजा तालुक्यातले मेहुणाराजा हे गाव परंपरेने चोखोबाचे जन्मस्थान मानले जाते. समाधी मात्र पंढरपुरी, विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराबाहेर. देवाशी बोलायचे आणि दाराबाहेर राहायचे, हा चोखोबाच्या वाट्याला आलेला भक्तिमार्ग. ते दार अस्पृश्यांना उघडले १९४७ साली, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा.

हे आधी सांगण्याचे कारण असे की, मराठी ख्रिस्ती काव्यातील प्रार्थनेची चर्चा नेहमी ना. वा. टिळकांपासून सुरू होते. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते म्हणत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त आई होतो, सखा होतो, गुरू होतो. मध्ये ना भट, ना पाद्री. १९१७ साली ते मिशनपासून अलग झाले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तेथे जागा होती. ही सलगी खरी आहे. पण कोणाची? ज्याला कोणत्याही गाभाऱ्यात जाता येत होते, आणि ज्याने तो आपणहून सोडला, त्याची. टिळकांच्या अभंगात विरह आहे, बंद दार नाही. आमच्या समीक्षेने हा फरक फारसा मोजलेला नाही.

वस्तुतः दाराचा प्रश्न ख्रिस्ती प्रार्थनेच्या मुळाशीच आहे. यरुशलेमच्या मंदिरात परमपवित्रस्थानापुढे पडदा असे. त्याच्या आत वर्षातून एकदा, एकटा मुख्य याजक जाई. ख्रिस्ताने क्रुसावर प्राण सोडला तेव्हा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे मत्तय सांगतो. यापुढे कोणीही धैर्याने आत यावे, असा त्याचा अर्थ. मध्यस्थ एकच, ख्रिस्त. आणि तोही वेशीबाहेर मारलेला! वेस म्हणजे काय, हे आम्हांला कोणी समजावून सांगायला नको.

बुलढाण्याकडे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाझरीन मिशनने हीच शिकवण आणली. या पंथात छापील प्रार्थनेपेक्षा तोंडच्या प्रार्थनेला मान. ज्याला पोथी ऐकण्याचीही मनाई होती, त्याने चारचौघांत उभे राहून आपल्या वऱ्हाडी बोलीत देवाला हाक मारायची, त्यात तापाने फणफणलेले पोर आणायचे, बुडालेली मजुरी आणायची, ही लहान गोष्ट नव्हे. अर्थात एवढ्याने जात जात नाही. प्रभूच्या प्रार्थनेतला बाप 'माझा' नाही, 'आमचा' आहे. त्या 'आमच्या'त कोण कोण, हा प्रश्न उरतोच. धर्मांतरानंतरही चर्चमध्ये जात टिकून राहते, हे डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे.

आणि साहित्याचा प्रश्न वेगळाच. टिळकांची पदे 'उपासना संगीत'मध्ये छापली गेली, आजही गाईली जातात. चोखोबाचे अभंग अनंतभट्टाने लिहून घेतले, असे परंपरा सांगते. वऱ्हाडातल्या ख्रिस्ती वस्तीत दिवेलागणीला बोलल्या गेलेल्या प्रार्थना कोणी लिहून घेतल्या?