उशीला गवसणी

योहानेस व्हर्मीर या डच चित्रकाराचं ‘लेस विणणारी’ हे चित्र फार मोठं आहे, असं समीक्षक एकमुखानं सांगतात. फूटपट्टी वेगळं सांगते. उंची जेमतेम २४ सेंटिमीटर, रुंदी २१. बँकेच्या लेजरचं पान याहून ऐसपैस असे. म्हणजे खांद्याला लटकवायच्या शबनम पिशवीत हे चित्र आरामात मावेल. त्यातली उशी मात्र मावणार नाही. माझी टीका सुरू होते ती इथूनच.

चित्र १६६९-७० च्या सुमाराचं, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं. एक तरुणी मान खाली घालून फिक्या निळ्या उशीवर लेस विणते आहे. ही उशी डोक्याखाली घ्यायची नव्हे. घेतलीत तर टाळूला टाचण्या टोचतील! आत पेंढा वगैरे ठासून ती टणक करतात. वर नक्षीचा कागद, त्यात टाचण्या आणि धागे गुंडाळलेल्या लाकडी बॉबिना. बॉबिना नेहमी जोडीनं चालतात. आम्हा बी. कॉम. मंडळींना हे चटकन पटतं. आमच्याकडेही जमेवाचून नावे नाही.

आता चित्राच्या डाव्या कोपऱ्यात पाहा. गोंडे लावलेली गडद निळी उशी दिसते ना? ती शिवणाचं सामान ठेवायची, म्हणजे त्या काळची पिशवीच म्हणा. तिच्यातून लाल-पांढरे धागे बाहेर ओघळलेत. समीक्षक त्याला रंगांचा प्रवाह म्हणतात. घरी त्याला पसारा म्हणतात. रसिक त्या धाग्यांवर खूश आहेत. पण पिशवीचं तोंड नीट मिटत नाही, ही साधी तक्रार कोणी नोंदवलेली माझ्या वाचनात नाही.

चित्रातल्या मुलीला उशी घेऊन कुठं जायचं नाही, म्हणून तिचं निभावलं. आजच्या इंग्लंड-बेल्जियममधल्या लेसवाल्या बायका मात्र अर्धवट विणकाम घेऊन वर्गाला जातात. परातीएवढी गोल उशी, वर उभ्या टाचण्या, डझनावारी बॉबिना. उशी कलली, बॉबिना एकमेकींत गुंतल्या, की आठवड्याचं काम गेलं. हिला पिशवी कुठली? ड्रमवाल्याच्या झांजांची पिशवी गोल खरी, पण चपटी, टाचण्या दबतात. चित्रकाराची बॅग उभी धरावी लागते. पिझ्झावाल्याची चौकोनी पेटी बरी, आडवीच राहते. फक्त जिन्यात शेजारी आशेनं दार उघडतात.

गंमत बाजूला ठेवून पाहा. तंबोऱ्याला गवसणी असते, डॉक्टरांना बॅग असते, तलाठ्याला दप्तर असतं, बॅटलासुद्धा खोळ असते. आमच्या घरात विणकामाच्या सुया मात्र मिठाईच्या रिकाम्या डब्यात राहतात, आणि दर दिवाळीला एखादा पाहुणा तो डबा उघडून हिरमुसतो. कारण उघड आहे. जो कामाला बाहेर पडणार त्याच्यासाठी बॅग शिवली जाते. बाईचं काम म्हणजे घरबसल्याचा विरंगुळा, अशी सगळ्यांची समजूत. वास्तविक युरोपात हजारो बायकांनी याच उशीवर पोट भरलं. श्रीमंतांच्या गळ्यातली ती झालर काही विरंगुळ्यातून उतरली नव्हती.

तेव्हा माझा अभिप्राय असा : प्रकाशाला पैकीच्या पैकी गुण, मुलीच्या एकाग्रतेला त्याहून जास्त, सामानाच्या व्यवस्थेला काठावर पास. तरी व्हर्मीरनं निदान तो पसारा झाकला नाही, हे त्याच्या खात्यात जमा.

लेसच्या उशीसाठी खास पिशव्या आता विकत मिळतात. पण मापाची मिळेपर्यंत पुष्कळजणी कंटाळून मशीनवर बसतात. आकाशाला गवसणी घालणाऱ्यांचे सत्कार होतात. उशीची गवसणी जिची तिलाच शिवावी लागते.