सोनेत्तो, स्वन आणि सुनीत

‘सुनीत’ ही संज्ञा मराठीत इतकी स्थिरावली आहे की तिच्या कुळाची चौकशी सहसा कोणी करीत नाही. केशवसुतांनी ‘मयूरासन आणि ताजमहाल’ (१८९२) या कवितेने हा रचनाबंध मराठीत आणला तेव्हा त्याला ‘चतुर्दशक’ म्हटले होते. पुण्यात १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या काळात ‘सुनीत’ रूढ झाले. ओळी मोजणारे नाव मागे पडले आणि ‘सॉनेट’च्या उच्चाराला जवळचे, पण ‘सु’ अधिक ‘नीत’ असे संस्कृत शरीर असलेले नाव आले.

मूळ इतालियन शब्द ‘सोनेत्तो’. लॅटिन ‘सोनुस’ म्हणजे ध्वनी. त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘छोटा ध्वनी’, अशी फोड सर्रास केली जाते. ती चुकीची नव्हे, पण मधला टप्पा गाळणारी आहे. प्रोव्हाँसाल त्रुबादूर कवी ‘सोनेत’ हा शब्द गीत किंवा गीताची चाल या अर्थी योजीत, आणि तेथूनच तो इटलीत गेला असे मानले जाते. इतालियन ‘सुओनो’मधील द्विस्वर ‘सोनेत्तो’त नाही, याला परकेपणाचा पुरावा समजण्याचा मोह टाळावा, आघात पुढे सरकला की तो द्विस्वर नियमानेच लोपतो. खरा आधार कालक्रमाचा आणि अर्थाचा आहे. तेराव्या शतकात सिसिलीच्या दरबारात जाकोमो दा लेन्तीनीच्या हाती चौदा ओळींचा बंध घडला तो बहुधा गाण्यासाठी नव्हताच. नाव मात्र गाण्याचे राहिले.

आता गंमत अशी की ‘सोनुस’चे सख्खे भावंड संस्कृतात आहे: ‘स्वन’. हे साम्य योगायोगाचे नाही. ‘स्वप्न’ आणि ‘सोम्नुस’, ‘स्वसृ’ आणि ‘सोरोर’ या जोड्यांतही संस्कृत ‘स्व’समोर लॅटिन ‘सो’ येतो. ‘स्वनिम’ घडवणाऱ्या आपल्या भाषाविज्ञानाने हे भावंड जवळ केले; काव्यशास्त्राने ‘नी’ धातूकडे, म्हणजे नेण्याकडे, वळण घेतले.

संज्ञेने समीक्षेची दृष्टी घडवली असे म्हणणे धाडसाचे होईल. तरीही मराठीत सुनीताची चर्चा अष्टक-षट्काच्या विभागणीभोवती आणि विचाराच्या कलाटणीभोवती, म्हणजे ‘नीट नेण्या’भोवतीच, फिरत राहिली हे नाकारता येत नाही. इतालियन ओळ अकरा अक्षरांची, तर मराठी सुनीताने प्रामुख्याने स्वीकारलेले शार्दूलविक्रीडित एकोणीस अक्षरांचे आणि बाराव्या अक्षरावर यती असलेले. या लांब, दुभंगलेल्या ओळीत यमकाचा नाद किती उशिरा कानी पडतो आणि त्याने कलाटणीचा परिणाम कसा बदलतो, हा प्रश्न अद्याप पुरेसा विचारला गेलेला नाही.